पाच बाटल्या आणि एक वही

पायात मोजा आहे की नाही हे बोटांना कळेना, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. मांडी घालून बसल्यावर येतात तशा मुंग्या असतील म्हणून आठवडाभर दुर्लक्ष केलं होतं. पण तशा मुंग्या पाय झटकला की जातात, ह्या गेल्या नाहीत. आधी दोन्ही अंगठे, मग शेजारची बोटं. रात्री पांघरूण पायांवर घेतलं की बोटांना कापूस गुंडाळल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरांनी विचारलं, “कुठली औषधं चालू आहेत?”

“कुठलीच नाहीत,” मी म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

रोज पाच बाटल्यांतून गोळ्या काढून घेत होते मी. पण ती सप्लिमेंट्स होती. औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतात ते, आणि हे माझं मी आणलेलं. निघता निघता सहज बोलून गेले, “झोपेसाठी मॅग्नेशियम वगैरे घेते तेवढंच.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “वगैरे म्हणजे काय काय? पुढच्या वेळी सगळ्या बाटल्या घेऊन या.”

त्या पाच बाटल्या काही एका दिवसात जमल्या नव्हत्या. मी प्रुफं तपासते. दिवसाला वीस-पंचवीस पानं, अक्षर न् अक्षर. रात्री झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी वेलांट्या डोळ्यांसमोरून निसटतात. साडेदहाला झोप लागायची आणि तीनच्या सुमाराला मोडायची, ती पहाटेपर्यंत लागायची नाही. आधी मॅग्नेशियम ग्लायसिनेट आणलं. पहिले चार-पाच दिवस इतकी छान झोप लागली की मी दोघा-तिघांना सांगूनही टाकलं. मग तो गुण ओसरला. म्हणून झोपेची एक तयार कॅप्सूल आणली, तिच्यात मेलाटोनिन, झोपेसाठी घेतात त्या व्हॅलेरियन आणि लेमन बाम ह्या वनस्पती, असं बरंच काही होतं. दिवसा छातीत धडधड व्हायची, त्यावर अश्वगंधेची ताण कमी करणारी गोळी. कामात लक्ष लागावं म्हणून एल-थिअनिन, चहाच्या पानांत असतं ते. आणि ‘नसांसाठी चांगलं’ म्हणून ब-जीवनसत्त्वांची गोळी. प्रत्येक बाटलीमागे कारण होतं आणि ते कारण त्या त्या वेळी पटलेलं होतं. सात महिन्यांत पाच झाल्या.

डॉक्टरांकडे परत जायच्या आदल्या रात्री बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि लेबलं वाचायला बसले. हे मी आधी का केलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं, कारण बारीक टाइप वाचणं हेच माझं काम आहे. लाल पेन घेतलं, कागदावर रकाने आखले. डाव्या बाजूला घटक, वर बाटल्यांचे आकडे.

मॅग्नेशियमच्या बाटलीवर समोर ठळक लिहिलं होतं २००० मि.ग्रॅ. मागे, मुंगीएवढ्या अक्षरात: दोन गोळ्यांमागे, पैकी मूलद्रव्य मॅग्नेशियम २८० मि.ग्रॅ. म्हणजे पुढचा आकडा अख्ख्या क्षाराचा. ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम साधारण १४ टक्के, बाकी सगळं ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल. झोपेच्या कॅप्सूलमध्येही मॅग्नेशियम निघालं, १०० मि.ग्रॅ. बेरीज ३८०. आहारातून मिळतं ते सोडून, नुसत्या गोळ्यांमधून घ्यायच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा अमेरिकेत ३५० मानतात आणि युरोपात २५०. सकाळी पोट का बिघडतं याचा मी महिनाभर विचार करत होते, त्याचं उत्तर ह्या रकान्यात होतं.

थिअनिन दोन ठिकाणी: स्वतंत्र बाटलीत २००, अश्वगंधेच्या गोळीत आणखी २००.

आणि मग ब-६. मॅग्नेशियमच्या दोन गोळ्यांत २०. झोपेच्या कॅप्सूलमध्ये १०. ब-जीवनसत्त्वांच्या गोळीत २०. एका लेबलवर ‘व्हिटॅमिन बी ६’, दुसऱ्यावर ‘पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड’, तिसऱ्यावर ‘पी-५-पी’. एकाच माणसाची तीन नावं छापली गेली असती तर प्रुफात मी लगेच खूण केली असती. बेरीज ५० मि.ग्रॅ., रोज. मोठ्या माणसाची दिवसाची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते.

डॉक्टरांनी तो कागद शांतपणे वाचला. ब-६ कमी पडलं तरी नसांना त्रास होतो आणि जास्त काळ जास्त घेतलं तरी होतो, आणि दोन्हींची सुरुवात बहुधा पायाच्या बोटांपासून, असं त्यांनी समजावलं. मर्यादेबाबत देशोदेशी फरक आहे. अमेरिकेत अजून १०० मि.ग्रॅ. धरतात, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ वर आणली. त्यांनी लगेच ब-६ वर बोट ठेवून प्रकरण मिटवलं नाही, हे मला फार आवडलं. साखर, ब-१२, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड सगळं तपासलं. सगळं ठीक आलं. “तर मग हेच कारण असण्याची शक्यता जास्त. ब-६ आजपासून बंद. बरं व्हायला महिने लागतील.”

ब-६ असलेल्या तीन बाटल्या त्याच दिवशी गेल्या. उरल्या दोन, अश्वगंधा आणि थिअनिन.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीही नाही. चौथ्या दिवशी बाटली परत आणावी असा विचार मनात इतका जोरात आला की मी ताईला फोन केला. ताई फार्मसिस्ट आहे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्यातलं नेमकं कशाने तुला बरं वाटत होतं?”

मला सांगता येईना.

“तू दर वेळी एक वाढवत गेलीस,” ती म्हणाली. “पहिलं काढून पाहिलंसच नाहीस कधी. आता सगळं बंद कर, आणि दोन आठवडे नुसतं लिहून ठेव.”

दोनशे पानी वही घेतली. अंथरुणावर किती वाजता, झोप साधारण केव्हा लागली, मध्ये किती वेळ जाग, शेवटी केव्हा उठले, दिवसभरात कॉफी केव्हा. अंदाजाने लिहायचं, रात्री घड्याळ बघायचं नाही. अश्वगंधाही थांबवली. तिच्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण ती सगळ्यात निरुपद्रवी समजली जाते. तिच्या शास्त्रीय नावातच, विथानिया सोम्निफेरा, झोप आहे. ताणावर तिचा उपयोग दाखवणारे अभ्यास आहेत, बहुतेक दोन-तीन महिन्यांचे. पण थायरॉइडचं संप्रेरक ती वाढवू शकते, क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि गरोदरपणात ती घेऊ नये. माझं यकृत-थायरॉइड ठीक होतं. माझा अनुभव वेगळाच. धडधड थांबली होती खरी, पण तिच्याबरोबर बाकीचंही सगळं सपाट झालं होतं. चांगल्या बातमीनेही मन उचल खात नव्हतं. बंद केल्यावर दहा-बारा दिवसांनी गाणं ऐकताना घसा दाटून आला, तेव्हा कळलं की हे कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. हा अश्वगंधेचाच परिणाम, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मी ती परत सुरू केली नाही.

वहीच्या दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट पानावरच दिसायला लागली. कॉफीच्या रकान्यात रोज संध्याकाळी पाच. ही सवय जुनी नव्हती. आठवून पाहिलं, तर झोपेची कॅप्सूल सुरू झाल्यापासूनची होती. त्या कॅप्सूलमध्ये ५ मि.ग्रॅ. मेलाटोनिन आणि वर व्हॅलेरियन. सकाळी डोकं जड राहायचं, दुपारनंतर काम उरकेना, म्हणून पाचची कॉफी. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे दहा वाजता अर्धी कॉफी अंगात शिल्लक. तिने रात्री झोप मोडायची, मग कॅप्सूलशिवाय भागणार नाही असं वाटायचं. गोळीच्या सुस्तीवर कॉफी आणि कॉफीवर गोळी, असं कित्येक महिने चाललं होतं. २०१३ मधल्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मि.ग्रॅ. कॅफिननेही झोप तासाभराहून अधिक घटली होती. माझी कॉफी त्याच्या पाव भाग असेल, पण रोजची होती. दुपारी बारानंतरची कॉफी बंद केली. पहिले तीन दिवस डोकं दुखलं, मग थांबलं.

मेलाटोनिनबद्दल ताईने सांगितलं ते माझ्या डोक्यातच नव्हतं. १९५८ मध्ये येल विद्यापीठात एरन लर्नर यांनी ते शोधलं, आणि ते गुंगी आणणारं रसायन म्हणून काम करण्यापेक्षा ‘आता रात्र झाली’ असा शरीराला निरोप देतं. उशिरा झोप येणाऱ्याला, लांबचा प्रवास करून वेळ बदललेल्याला तो निरोप लवकर पोचवला तर उपयोग होतो, आणि त्याला अर्धा मिलिग्रॅमही पुरतो. माझं घड्याळ मागेपुढे झालेलंच नव्हतं, मला साडेदहाला झोप येतच होती. शिवाय बाटलीतलं प्रमाण. कॅनडात २०१७ मध्ये मेलाटोनिनची ३१ उत्पादनं तपासली, तर लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत फरक निघाला, आणि आठ उत्पादनांत चक्क सेरोटोनिन हे मेंदूवर परिणाम करणारं दुसरंच रसायन सापडलं. लेबलवर विश्वास ठेवूनच मी बेरजा मांडत होते. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसून होते.

आता एकेक गोष्ट परत आणून बघायची होती. ताईने आधी मला अर्धा तास प्रश्न विचारले. नैराश्याच्या गोळ्या घेतेस का? घेत असशील तर ५-एचटीपी हे सप्लिमेंट आणि सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतात ती वनस्पती, दोन्हींना हात लावायचा नाही, सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मॅग्नेशियममध्ये चार तासांचं अंतर, काही अँटिबायोटिक्सबरोबरही तसंच. मूत्रपिंड अशक्त असेल तर मॅग्नेशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांवर व्हॅलेरियन, अश्वगंधा चढवायची नाही. गर्भनिरोधक गोळ्या? सेंट जॉन्स वर्टने त्यांचा परिणाम कमी होतो. माझी सगळी उत्तरं ‘नाही’ आली, डॉक्टरांनीही मान डोलावली, तेव्हाच ती पुढे सरकली.

युक्ती तिचीच. बाहेरून आतलं दिसणार नाही अशा पांढऱ्या रिकाम्या कॅप्सूल तिने आणल्या. निम्म्यांत थिअनिन २०० मि.ग्रॅ., निम्म्यांत सेल्युलोजची निरुपद्रवी पूड. नाणं उडवून कुठल्या दिवशी कुठली ते ठरवलं, वीस छोट्या पाकिटांवर १ ते २० आकडे घातले, आणि यादी बंद लिफाफ्यात घालून स्वतःजवळ ठेवली. मी रोज सकाळच्या कॉफीबरोबर एक पाकीट उघडायचं, संध्याकाळी वहीत लिहायचं: आज खरी होती की रिकामी? आणि वीस पानांत माझ्या हातून सुटलेल्या चुका किती, हे दुसऱ्या वाचनातून कळायचंच.

थिअनिन १९४९ मध्ये जपानमध्ये चहाच्या पानांत सापडलं. कॅफिनबरोबर घेतलं तर लक्ष टिकतं असं दाखवणारे छोटे छोटे अभ्यास बरेच आहेत. चहात ही जोडी निसर्गतःच असते, फक्त थिअनिन २०० च्या मानाने फार कमी.

विसाव्या दिवशी ताईने लिफाफा आणला. आम्ही दोघी जमिनीवर बसून आकडे जुळवले. वीसपैकी पंधरा दिवस मी बरोबर ओळखलं होतं. सुटलेल्या चुका रिकाम्या दिवशी सरासरी ६.१, थिअनिनच्या दिवशी ५.२. फरक लहान आहे आणि वीस दिवसांवरून फार काही सिद्ध होत नाही, हे ताईने दोनदा बजावलं. पण वहीतले शब्द मला आकड्यांहून महत्त्वाचे वाटले. ओळखलेल्या दिवशी मी जवळजवळ तेच लिहिलं होतं: “कॉफी चढली पण हात थरथरले नाहीत.” “ओळ सोडून डोळा पुढे पळाला नाही.” रात्रीच्या झोपेत मात्र दोन्ही दिवसांत काही फरक नव्हता.

मग मॅग्नेशियम, ब-६ नसलेलं. रात्री दोन कॅप्सूल, मिळून १४० मि.ग्रॅ. ह्या पाचांत माझा जीव मॅग्नेशियमवर होता. पहिल्या चार रात्रींची ती झोप मी विसरले नव्हते. वीस रात्रींनंतर लिफाफा उघडला: बरोबर ओळखलेल्या अकरा, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. मध्ये जागी असल्याची मिनिटं रिकाम्या रात्री सरासरी ४१, मॅग्नेशियमच्या रात्री ३८. मला रडू आलं. ताईने काही न बोलता वही मिटली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, “ज्याच्या शरीरात मॅग्नेशियम कमी आहे त्याला फरक पडेलही. तुझं बहुतेक कमी नसेल. आणि तुझ्या जुन्या डोसमध्ये पावणेदोन ग्रॅम ग्लायसिनही होतं, ते विसरू नकोस.”

हे खरं होतं. ग्लायसिनवर जपानमध्ये झोपेसाठी छोटे अभ्यास झाले आहेत, तीन ग्रॅम झोपण्याआधी, त्याने शरीराचं आतलं तापमान थोडं उतरतं. मी तेही तीन आठवडे घेऊन पाहिलं. पाण्यात विरघळतं, साखरेसारखं गोड लागतं. काही रात्री बऱ्या गेल्या, काही नाही. वहीत कल दिसला नाही, म्हणून सोडलं.

झोप सुधारली ती दुसऱ्याच बाजूने, आणि तेही त्याच वहीमुळे. डॉक्टरांनी पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी पाहून हिशेब केला: अंथरुणात नऊ तास, झोप साडेपाच. म्हणजे ६१ टक्के. निद्रानाशासाठी सीबीटी-आय नावाची वर्तनोपचाराची पद्धत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून तीच सुचवली. तिच्यातला एक भाग अंथरुणातला वेळ आवळण्याचा. मला त्यांनी सहा तास दिले, बारा ते सहा. साडेदहाला डोळे मिटायला लागले तरी बारापर्यंत उभं राहायचं, मध्ये जाग आली आणि झोप येईना तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, आणि काही झालं तरी सहाला उठायचं. दिवसा झोप नाही. पहिला आठवडा फार कठीण गेला, त्या दिवसांत मी गाडी चालवली नाही आणि महत्त्वाचं काम हातात घेतलं नाही. फेपरं किंवा बायपोलर हा मनाच्या टोकाच्या चढउतारांचा आजार असणाऱ्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये, असंही त्यांनी सांगितलं होतं. दहाव्या रात्री सहांपैकी पाच तास वीस मिनिटं झोप लागली. ८९ टक्के. ८५ च्या वर गेलं की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. सात तासांवर येऊन मी थांबले.

आता माझ्याकडे एकच बाटली आहे, थिअनिनची. तीही रोज नाही, मोठ्या प्रुफांच्या दिवशी सकाळच्या कॉफीबरोबर एक. वही चालू आहे, पण रात्रीच्या रकान्यात आता रोज काही लिहावं लागत नाही.

पाय सावकाश सुधारले. तिसऱ्या महिन्यात उजवा अंगठा, मग बाकीची बोटं. गेल्या आठवड्यात सहाला उठून नेहमीसारखी अनवाणी स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थांबले. फरशी गार लागत होती. डाव्या पायाच्या करंगळीला अजून नाही, बाकी सगळ्या बोटांना.